एक आकडा बदलून पाहू या!

मित्रांनो, २३ ऑगस्ट ही तारीख तुम्हाला आठवते का? २०२३ सालच्या त्या दिवशी संध्याकाळी सहा वाजून चार मिनिटांनी आपले चांद्रयान-३ चंद्रावर अलगद उतरले. किती तरी शाळांनी मुलांना एकत्र बसवून ते थेट दाखवले होते. पडद्यावर यानाची उंची कमी कमी होत होती, सगळ्यांनी श्वास रोखून धरले होते, आणि मग एकदम टाळ्यांचा कडकडाट! आता तर हा दिवस आपण ‘राष्ट्रीय अंतराळ दिन’ म्हणून साजरा करतो.

याच तारखेची दुसरी एक गोष्ट आहे. ती मात्र तुम्ही बहुधा ऐकली नसेल. बरोबर ३२ वर्षे आधी, म्हणजे २३ ऑगस्ट १९९१ रोजी, नॉर्वे देशातील स्टाव्हांगर शहराजवळ काँक्रीटचा एक अवाढव्य सांगाडा समुद्रात बुडाला. त्याला कुणी धडक दिली नव्हती. त्यात स्फोटही झाला नव्हता. तो बुडाला त्याचे मूळ कागदावरच्या हिशेबात होते.

तुम्ही म्हणाल, “कुठे चंद्र आणि कुठे नॉर्वेचा समुद्र! यांचा एकमेकांशी काय संबंध?”

संबंध आहे बरं का! इंजिनीअर मंडळी संगणकावर एक खेळ पुन्हा पुन्हा खेळत असतात. एखाद्या वस्तूचा हिशेब मांडायचा, उत्तर पाहायचे, मग त्यातील एक आकडा बदलायचा आणि तोच हिशेब पुन्हा करायचा. ऐकायला हा खेळ कंटाळवाणा वाटतो. पण तो नीट खेळला तर यान चंद्रावर उतरते आणि अर्धवट सोडला तर चार एकरांचा सांगाडा बुडतो. कसा असतो हा खेळ? चला, आधी घरच्या घरीच खेळून पाहू या.

फूटपट्टीचा पूल

तुमच्या दप्तरात प्लॅस्टिकची ३० सेंटिमीटरची पट्टी असेलच. टेबलावर पुस्तकांचे सारख्या उंचीचे दोन गठ्ठे ठेवा. दोन्ही गठ्ठ्यांमध्ये २४ सेंटिमीटर अंतर सोडा आणि त्यावर पट्टी आडवी ठेवा. झाला आपला पूल! आता पट्टीच्या मध्याची टेबलापासूनची उंची दुसऱ्या पट्टीने मोजून लिहा. मग मध्यावर थोडे वजन ठेवा. नाण्यांची पुरचुंडी चालेल, साखरेची लहानशी पुडीही चालेल. पट्टी वाकेल. पुन्हा उंची मोजा. दोन्ही उंचींची वजाबाकी केली की पूल किती वाकला ते कळेल.

आता एकच गोष्ट बदला. गठ्ठे जवळ आणा आणि अंतर १२ सेंटिमीटर करा. पट्टी तीच, पुडीही तीच. सांगा पाहू, पट्टी आता किती वाकेल?

“अंतर निम्मं झालं, म्हणजे वाकणंही निम्मं!” असे उत्तर बहुतेक जण देतात. पण मोजून पाहा. पट्टी जवळजवळ आठपट कमी वाकते! लांबी दुप्पट झाली की वाकणे दोन गुणिले दोन गुणिले दोन, म्हणजे आठपट होते. हा नियम इंजिनीअरिंगच्या विद्यार्थ्यांना पहिल्या काही दिवसांतच शिकावा लागतो. तुम्हाला तो एका पट्टीने शिकवला.

आता आणखी एक बदल करा. अंतर पुन्हा २४ सेंटिमीटर ठेवा, वजनही तेच ठेवा, पण पट्टी तिच्या कडेवर उभी धरा. मित्राला दोन्ही टोके धरायला सांगा, नाहीतर ती कलंडेल. आता पुडी मध्यावर दोऱ्याने टांगा. काय झाले? पट्टी वाकल्याचे दिसतसुद्धा नाही! इमारतीचे आणि पुलाचे तुळईवजा भाग आडवे रुंद नसून उभे खोल का असतात, याचे उत्तर तुम्हाला मिळाले.

या खेळातील एक गोष्ट लक्षात ठेवा. प्रत्येक वेळी आपण फक्त एकच गोष्ट बदलली. समजा, अंतर, वजन आणि पट्टी असे सगळे एकदम बदलले असते तर? आमटीत मीठ, तिखट आणि चिंच तिन्ही एकदम कमीजास्त केले आणि आमटी बिघडली, तर नेमके काय चुकले ते आईला तरी कसे कळणार?

संगणकातला पूल

पट्टीचा पूल पाच मिनिटांत होतो. पण खरा पूल? खरे विमान? खरे धरण? ‘एक बांधून पाहू, पडले तर दुसरे बांधू’ असे म्हणता येत नाही. म्हणून इंजिनीअर त्या वस्तूची नक्कल संगणकात उभी करतात. ही नक्कल चित्रासारखी नुसती पाहायची नसते. भिंत किती जाड, काँक्रीट किती पक्के, पोलाद किती लवचिक, वारा किती जोराचा, वजन किती, असे सारे आकडे तिला दिलेले असतात. त्या आकड्यांवर निसर्गाचे नियम लावून संगणक सांगतो, की ही वस्तू इथे इतकी वाकेल, तिथे इतका ताण येईल. या लुटुपुटीच्या चाचणीला ‘सिम्युलेशन’ म्हणतात. आणि बदलता येणारे जे आकडे, त्यांना ‘पॅरामीटर’ म्हणतात. आपल्या खेळात अंतर, वजन आणि पट्टीची ठेवण हे पॅरामीटर होते.

संगणकाच्या पडद्यावर उत्तर बहुधा रंगांत दिसते. जिथे ताण कमी तिथे निळा रंग, आणि जिथे जास्त तिथे लाल. लाल डाग दिसला की इंजिनीअर तिथली जाडी वाढवून पाहतो आणि हिशेब पुन्हा चालवतो. डाग फिका झाला? छान. पण वजन किती वाढले? जास्त वाढले असेल, तर जाडी थोडी कमी करून पुन्हा चालवायचे. आजच्या संगणकाला तर आकड्यांचा अख्खा तक्ताच देऊन ठेवता येतो. जाडी २० सेंटिमीटर, मग २५, मग ३०, आणि प्रत्येक जाडीला वाऱ्याचे पाच वेगवेगळे वेग. तीन पंचे पंधरा हिशेब! संध्याकाळी काम सुरू करून घरी जायचे. संगणक रात्रभर एकामागून एक हिशेब करत बसतो आणि सकाळी पंधरा उत्तरे ओळीने मांडलेली असतात.

किती सोपे, नाही का? पण थांबा. यात एक मोठी मेख आहे. आलेले उत्तर खरे कशावरून?

वर्तुळ आणि सरळ रेघा

संगणकाला अख्खी भिंत एकदम कळत नाही. म्हणून इंजिनीअर त्या वस्तूवर एक जाळी टाकतात. वस्तूचे लहान लहान तुकडे पडतात. एकेका तुकड्याचा हिशेब सोपा असतो. शेजारच्या तुकड्यांचे हिशेब एकमेकांशी जुळवत गेले, की सगळ्या वस्तूचा हिशेब होतो. या पद्धतीचे नाव ‘फायनाइट एलिमेंट पद्धत’. जाळी बारीक असेल तर उत्तर खऱ्याच्या जवळ जाते, पण संगणकाला काम जास्त पडते. जाळी मोठ्या घरांची असेल तर काम झटपट होते, पण उत्तर?

उत्तर काय होते ते वहीतच पाहू या. १० सेंटिमीटर व्यासाचे वर्तुळ काढा. त्याचा परीघ सुमारे ३१.४२ सेंटिमीटर असतो, हे तुम्हाला ठाऊक आहेच. पण समजा तुम्हाला ते ठाऊक नाही आणि तुमच्याजवळ फक्त सरळ पट्टी आहे. मग वर्तुळाच्या आत षटकोन काढून त्याच्या सहा बाजू मोजा. बेरीज येते ३० सेंटिमीटर. आता बाजू दुप्पट करा. बारा बाजूंची बेरीज येते ३१.०६. चोवीस बाजू केल्या तर ३१.३३. अठ्ठेचाळीस केल्या तर ३१.३९. आणि शहाण्णव केल्या तर ३१.४१!

सुमारे सव्वादोन हजार वर्षांपूर्वी सिराक्यूजच्या आर्किमिडीजने पायची किंमत अशीच काढली होती. सहा बाजूंपासून सुरुवात करून तो शहाण्णव बाजूंपर्यंत गेला. तेव्हा संगणक नव्हता, पण खेळ हाच होता. जाळी बारीक करायची आणि हिशेब पुन्हा करायचा!

आता या आकड्यांकडे पुन्हा एकदा पाहा. पहिल्या खेपेनंतर उत्तर १.०६ ने हलले. मग ०.२७ ने, मग ०.०६ ने आणि शेवटी ०.०२ ने. म्हणजे प्रत्येक खेपेला उत्तर कमी कमी हलते आहे, एका जागी स्थिरावते आहे. खरे उत्तर माहीत नसतानाही आपल्याला कळते, की आपण त्याच्या जवळ आलो आहोत. पण ज्याने फक्त षटकोन काढला आणि ‘परीघ ३० सेंटिमीटर’ असे लिहून वही मिटली, त्याला आपण किती चुकलो याचा पत्ताही लागणार नाही. ३० हा आकडा दिसायला किती साफसुथरा! चुकीचे उत्तर लाल शाईने लिहून येत नाही, मित्रांनो.

म्हणजे हिशेब पुन्हा करण्याची कारणे दोन झाली. एक, वस्तूतील आकडे बदलून कोणती रचना चांगली ते शोधायचे. दोन, हिशेबाची जाळी बदलून उत्तर विश्वासाचे आहे की नाही ते तपासायचे. पहिले काम सगळ्यांना आवडते, कारण त्यातून काहीतरी नवीन घडते. दुसरे काम मात्र राहून जाते.

आता चला नॉर्वेला.

समुद्रातला राक्षस

मुंबईच्या पश्चिमेला भर समुद्रात ‘मुंबई हाय’ आहे, हे तुम्ही भूगोलात वाचले असेल. १९७४ साली तिथे तेल सापडले. समुद्रात पोलादी पायांवर प्लॅटफॉर्म उभे करून तिथले तेल आणि वायू बाहेर काढतात. युरोपच्या उत्तर समुद्रातही असेच साठे आहेत. तिथे नॉर्वेच्या लोकांनी पोलादी पायांबरोबर काँक्रीटचे प्रचंड पायही वापरले. ‘स्लाइपनर ए’ हा त्यांपैकीच एक प्लॅटफॉर्म. ८२ मीटर खोल पाण्यात तो उभा राहायचा होता.

त्याचा पाया कसा होता, पाहा. काँक्रीटच्या २४ पोकळ नळकांड्या एकमेकींना चिकटवून उभ्या केलेल्या. त्यांतील चार नळकांड्या खांबांसारख्या उंच वाढवलेल्या. पायाने व्यापलेली जागा १६,००० चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ चार एकर! त्या चार खांबांवर वरचा मजला बसायचा होता. त्याचे वजन ५७,००० टन. त्यात यंत्रे असणार होती आणि सुमारे दोनशे माणसांची राहण्याची सोय असणार होती.

आता खिशातून तीन सारखी नाणी काढा आणि एकमेकांना चिकटवून टेबलावर ठेवा. तिघांच्या मध्ये एक लहानशी तिकोनी फट राहते ना? नळकांड्यांच्या मध्येही तशीच तिकोनी पोकळी राहते. गंमत अशी, की या तिकोनी पोकळ्या वरून उघड्या होत्या. पाया पाण्यात उतरला की समुद्राचे पाणी त्यांत शिरणार आणि पोकळीच्या भिंती आतून बाहेर ढकलणार. पाया जितका खोल जाईल तितका पाण्याचा जोर जास्त. ६५ मीटर खोलीवर दर चौरस मीटर जागेवर सुमारे ६६ टनांचा भार पडतो. कॅरमबोर्डापेक्षा जराशा मोठ्या जागेवर तेरा-चौदा हत्ती उभे राहावेत तसा!

त्या तिकोनी कोपऱ्यांत भिंत किती जाड हवी, सळया किती हव्यात, याचा हिशेब अर्थातच संगणकावर झाला होता. त्यासाठी ‘नॅस्ट्रन’ नावाचा प्रोग्राम वापरला होता. हा काही कुणाच्याही घरी केलेला प्रोग्राम नव्हे. मुळात तो अमेरिकेच्या ‘नासा’ या अंतराळसंस्थेसाठी तयार झाला आणि पुढे जगभरच्या इंजिनीअरांनी वापरला. प्रोग्राम चांगला होता. पण त्या कोपऱ्यांवर टाकलेली जाळी जाडीभरडी होती. जिथे जोर झपाट्याने बदलतो, नेमके तिथेच तुकडे मोठे आणि वेडेवाकडे होते. आपल्या षटकोनासारखे म्हणा ना!

परिणाम काय झाला? कात्रीची दोन पाती जशी कागदाला कापतात, तसा पाण्याचा जोर भिंतीला कापू पाहत असतो. कापू पाहणारा हा ताण संगणकाने ४७ टक्के कमी दाखवला. म्हणजे खरा ताण १०० असेल, तर कागदावर आला ५३. त्या ५३ ला पुरतील एवढ्याच जाड भिंती बांधल्या गेल्या. त्यातच भर म्हणजे कोपऱ्यांतील सळयांची टोकेही पुरेशी आत रोवलेली नव्हती.

अठरा मिनिटे

नॉर्वेच्या किनाऱ्याला डोंगरांमधून आत घुसलेल्या खोल, अरुंद खाड्या आहेत. त्यांना फ्योर्ड म्हणतात. स्टाव्हांगरजवळच्या अशाच एका फ्योर्डमध्ये, गान्सफ्योर्डमध्ये, हा पाया तरंगत होता. पुढचे काम असे ठरले होते : नळकांड्यांमध्ये पाणी भरून पाया हळूहळू खाली बुडवायचा, वरचा मजला तराफ्यांवरून त्याच्या डोक्यावर आणायचा आणि मग पाणी उपसून पाया पुन्हा वर उचलायचा. म्हणजे मजला आपोआप खांबांवर बसेल. त्या दिवशी मजला आणायचा नव्हता. फक्त पाया खाली नेऊन तयारी पाहायची होती.

पाया खाली खाली जात होता. तिकोनी पोकळीतल्या पाण्याची खोली सुमारे ६५ मीटर झाली, आणि कुठून तरी खोलून एक दणका ऐकू आला. पाठोपाठ पाणी आत शिरल्याचा आवाज! एक भिंत फाटली होती. पंप होते, पण इतक्या पाण्यापुढे पंपांचे काय चालणार? वरच्या माणसांनी वेळीच पाया सोडला. सगळे सुखरूप बाहेर पडले, ही त्यातली सगळ्यात चांगली गोष्ट. सुमारे अठरा मिनिटांत तो राक्षस दिसेनासा झाला.

खाली जाताना वाढत्या दाबाने उरलेल्या नळकांड्याही फुटत गेल्या. पाया तळावर आदळला तेव्हा भूकंपमापकांवर ३ रिश्टरचा धक्का नोंदला गेला! २२० मीटर खोलीवर उरला फक्त ढिगारा. एकूण नुकसान झाले सुमारे ७० कोटी डॉलर.

दुसरा हिशेब

मग सुरू झाला शोध. तज्ज्ञांनी तोच कोपरा पुन्हा घेतला. तीच भिंत, तेच काँक्रीट आणि त्याच सळया. या वेळी फक्त हिशेब जास्त बारकाईने केला. आणि संगणकाने काय सांगितले, ठाऊक आहे? ‘ही भिंत ६२ मीटर खोलीवर फाटेल.’ प्रत्यक्षात ती ६५ मीटरवर फाटली होती. फक्त तीन मीटरांचा फरक!

म्हणजे बघा, संगणकाला उत्तर येत होते. त्याला प्रश्न नीट विचारला गेला नव्हता. पाया पाण्यात उतरण्याआधी, निदान त्या कोपऱ्यापुरती जाळी बारीक करून हिशेब पुन्हा चालवला असता, तर उत्तर हलले असते. आणि उत्तर हलले म्हणजे इंजिनीअर सावध झाला असता. कामाची घाई सगळ्यांनाच असते. कागदावर उत्तर समोर दिसत असताना ‘पुन्हा एकदा करू या’ असे म्हणणारा माणूस सगळ्यांना त्रासदायक वाटतो. पण तो त्रास काही तासांचा असता.

यापुढची गोष्ट आणखी छान आहे. दुसरा पाया तर बांधायलाच हवा होता. गॅस पुरवण्याचे दिवस ठरलेले होते. संगणकाचे नवे, बारकाईचे हिशेब यायला वेळ लागणार होता. मग इंजिनीअरांनी काय करावे? वीस वर्षांपूर्वी, स्लाइडरूलच्या जमान्यात पहिले काँक्रीटचे प्लॅटफॉर्म ज्या पद्धतीने आखले होते, ती कागद-पेन्सिलीची पद्धत त्यांनी पुन्हा काढली आणि तिच्यावर विसंबून काम सुरू केले. संगणकाची उत्तरे आली तोवर सारा पाया हातानेच आखून झाला होता आणि बराचसा बांधूनही झाला होता. २९ एप्रिल १९९३ रोजी नव्या पायावर मजला नीट बसला. नवा स्लाइपनर समुद्रात उभा राहिला.

याचा अर्थ संगणक वाईट आणि पेन्सिल चांगली, असा मुळीच नाही. दोन वेगवेगळ्या वाटांनी गेलो आणि एकाच गावाला पोचलो, तर वाट बरोबर आहे असे समजावे, एवढाच त्याचा अर्थ.

‘हे बिघडलं तर?’

आता परत येऊ चंद्राकडे. ७ सप्टेंबर २०१९ रोजी, मध्यरात्र उलटून गेल्यावर, चांद्रयान-२ चे ‘विक्रम’ हे अवतरक यान चंद्रावर उतरत असताना त्याच्याशी संपर्क तुटला. त्या रात्री जागलेल्या सगळ्यांना हुरहुर लागली होती. पण इस्रोच्या शास्त्रज्ञांनी त्या अपयशाचा आकडा न् आकडा तपासला. इंजिनांचा जोर अपेक्षेपेक्षा थोडा जास्त पडला होता. त्यामुळे लहान लहान चुका साचत गेल्या. त्या दुरुस्त करायला यानाला भराभर वळायचे होते, पण वळण्याच्या वेगावर मर्यादा घातलेली होती. शिवाय उतरायची जागा फक्त ५०० मीटर लांब आणि ५०० मीटर रुंद ठरवलेली. तिथेच पोचायच्या धडपडीत यानाचा वेग वाढला.

ही कारणे इस्रोचे तेव्हाचे अध्यक्ष एस. सोमनाथ यांनी २०२३ साली जाहीरपणे सांगितली. त्यांनी आणखी एक महत्त्वाची गोष्ट सांगितली. या वेळी यान आखताना ‘सगळं नीट झालं तर कसं उतरेल?’ एवढेच न विचारता ‘काय काय बिघडू शकतं आणि तरीही कसं उतरेल?’ असे विचारले होते. एखादा संवेदक बंद पडला तर? इंजिन बिघडले तर? हिशेब करणारी आज्ञावलीच चुकली तर? प्रत्येक ‘तर’ म्हणजे एक बदललेला आकडा आणि पुन्हा चालवलेली चाचणी!

या ‘तर’ विचारण्यातून यान बदलत गेले. उतरायची जागा ४ किलोमीटर लांब आणि २.४ किलोमीटर रुंद केली. गुणाकार करून पाहा, पहिल्या जागेच्या अडतीसपट भरते! पाय अधिक भक्कम केले. सेकंदाला २ मीटरऐवजी ३ मीटर वेगाने टेकले तरी ते तग धरतील असे केले. इंधन जास्त भरले. पाच इंजिनांपैकी मधले एक काढून टाकले. संगणकावर तपासले ते पृथ्वीवरही तपासले. कधी क्रेनला टांगून, तर कधी हेलिकॉप्टरला बांधून यंत्रणेची परीक्षा घेतली. आणि मग उजाडला २०२३ सालचा २३ ऑगस्ट!

तुमची नोंदवही

मित्रांनो, हा खेळ खेळायला तुम्हाला मोठा संगणक लागणार नाही. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी कागदाचा पूल करा, पवनचक्की करा, नाहीतर पतंगाची शेपटी कमीजास्त करून पाहा. फक्त एक वही हवी. तिच्यात चार रकाने आखा : खेप कितवी, काय बदलले, काय होईल असे वाटले होते आणि काय झाले. तिसरा रकाना विसरू नका हं! आधी अंदाज लिहिला नाही, तर उत्तर आल्यावर सगळ्यांनाच वाटते, ‘मला हे ठाऊकच होतं.’

आणखी एक सांगायचे राहिले. मनासारखे उत्तर येईपर्यंत आकडे बदलत राहायचे आणि ते आले की वही मिटायची, हा या खेळातला रडीचा डाव! गणिताच्या पुस्तकातले मागचे पान पाहून उत्तर जुळवण्यासारखेच ते. खरा खेळाडू उलट करतो. हवे ते उत्तर आले, की तो जास्तच संशयाने त्याच्याकडे पाहतो. जाळी बारीक करतो, दुसऱ्या रीतीने हिशेब मांडतो आणि विचारतो, ‘आता हललं का?’

तेव्हा उद्याच्या गृहपाठात एखादे गणित पटकन सुटले आणि उत्तर अगदी छान, पूर्णांकात आले, तर लगेच वही मिटू नका. दुसऱ्या रीतीने ते एकदा पुन्हा करून पाहा. उत्तर तेच आले तर बिनघोर खेळायला जा. वेगळे आले तर? तर तुमचा कोपरा सापडला! तो पाण्यात उतरण्याआधी सापडला, हे केवढे बरे झाले!